लग्नाचं वय, नागपूर आणि कायद्यातली एक फट

आजचा भाग आपल्या नागपूरशी जोडलेला आहे. मुलीच्या लग्नाचं वय १८, हे आपल्याला पाठच असतं. पण साधारण शंभर वर्षांपूर्वी हा आकडा १४ करायचा म्हटल्यावर देशभर गदारोळ झाला होता.

आधी थोडं मागे जाऊ. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे मेली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. बायको १२ वर्षांखालची असेल तर नवऱ्याने शरीरसंबंध ठेवणंही गुन्हा ठरलं. आधी ही मर्यादा १० होती! विरोधक म्हणाले, पाळी आली की गर्भाधान संस्कार व्हायलाच हवा, सरकार त्यात आडवं येतंय. परक्या सरकारने आमच्या धर्मात कायद्याने हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. भांडारकरांनी कायद्याची बाजू घेतली, पण तीही धर्मशास्त्राचेच आधार देऊन. मरणारी मुलगी राहिली बाजूला, वाद रंगला पोथ्यांवर.

आता नागपूरकडे या. मध्य प्रांताची राजधानी. इथले वकील हरिसिंग गौर, जे पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ते केंद्रीय कायदेमंडळात हे वय वाढवा म्हणून पुन्हा पुन्हा विधेयकं आणत राहिले. १९२५ मध्ये ते जेमतेम १३ झालं. मग १९२८ मध्ये सरकारने समिती नेमली. अध्यक्ष मोरोपंत जोशी, मध्य प्रांताचे माजी गृहसदस्य. जोशी समिती देशभर फिरली. तिला काय दिसलं? जुना कायदा बहुतेक लोकांना माहीतच नव्हता.

इकडे अजमेरचे हरबिलास सारडा यांचं विधेयक आधी फक्त हिंदूंसाठी होतं, नंतर ते सगळ्या धर्मांना लागू केलं गेलं. सनातनी म्हणाले, पाळी येण्याआधी कन्यादान हे आमचं कर्तव्य. काही उलेमा म्हणाले, निकाहाचं वय सरकारने ठरवू नये. तरी १९२९ मध्ये कायदा झाला: मुलगी १४, मुलगा १८.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कायद्यातली फट. बालविवाह केला तर शिक्षा, जास्तीत जास्त महिनाभर साधी कैद किंवा दंड. लग्न मात्र वैधच! पोलिस आपणहून काही करू शकत नव्हते. कोणीतरी कोर्टात तक्रार करायची, तीसुद्धा १०० रुपयांपर्यंतचा जातमुचलका लिहून देऊन. कायदा १ एप्रिल १९३० ला लागू होणार होता. मधल्या काही महिन्यांत लोकांनी लेकरांची लग्नं अक्षरशः उरकून घेतली.

पुढे आकडा वाढत गेला. १९४९ मध्ये १५, १९७८ मध्ये १८. फट पूर्ण बुजली का? २००६ च्या कायद्यातही बहुतेक बालविवाह आपोआप रद्द होत नाहीत, लहान वयात लग्न लागलेल्या व्यक्तीलाच कोर्टात जाऊन ते रद्द करून घ्यावं लागतं. आणि हा कायदा धर्माधारित व्यक्तिगत कायद्यांपेक्षा वरचढ आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये संसदेवर सोडला.

म्हणून मला वाटतं, धर्माचा प्रभाव फक्त वयाच्या आकड्यात शोधू नका. लग्न लागल्यावर त्या मुलीच्या हातात कायदा काय देतो, ते बघा. तुमचं मत नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!