बागेतील शेगडीची निवड : चंदीगडच्या थंडीतील ऊब आणि धूर

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगडमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत कडाक्याची थंडी असते. रात्रीचे तापमान अनेकदा ५ ते ७ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि दाट धुके पडले की दिवसाही ऊन मिळत नाही. निफाडची थंडी अनुभवलेल्या मराठी माणसालाही ही सूर्यदर्शनाविना जाणारी थंडी नवीच वाटते. १३ जानेवारीच्या लोहडीला अंगणात जाळ पेटविण्याची प्रथा येथे जुनी आहे. एरवीही बागेत बसता यावे, यासाठी लाकडावर चालणारी शेगडी घेणाऱ्यांनी काही बाबी ध्यानात घ्याव्यात.

उघड्यावरील शेगडी हवा तापवीत नाही. तापलेली हवा वर निघून जाते. बसलेल्यांना मिळते ती ज्वाला, निखारे व तापलेल्या धातूकडून येणारी थेट उष्णता. त्यामुळे मोठ्या शेगडीपेक्षा वाऱ्याचा आडोसा अधिक उपयोगी ठरतो.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे पंजाबातील अंगीठी किंवा लोखंडी घमेले. ते स्वस्त असते, चहूबाजूंनी शेक देते. परंतु धूर थेट बसलेल्यांच्या तोंडावर येतो. मूळ मेक्सिकोतील, मातीची, पोटाशी फुगीर व वर निमुळते धुराडे असलेली ‘चिमिनिया’ धूर डोक्यावरून नेते, मात्र शेक केवळ समोरून देते. ती पहिल्याच दिवशी मोठा जाळ करून तापविल्यास तडकते. तिसरा प्रकार दुहेरी भिंतीच्या पोलादी शेगडीचा. दोन भिंतींमधून तापून वर आलेली हवा काठाजवळच्या छिद्रांतून आत शिरते आणि न जळलेला धूर तेथेच पेटतो. विक्रेते तिला ‘धूररहित’ म्हणतात. हे विशेषण थोडे उदार आहे, कारण शेगडी पुरेशी तापेपर्यंत व ओले लाकूड घातल्यास तीही धूर सोडतेच. तरीही शेजाऱ्याची भिंत लागून असलेल्या १० मरल्यांच्या, म्हणजे २५० चौरस यार्डांच्या घरासाठी हाच प्रकार त्यातल्या त्यात योग्य ठरतो. पत्रा मात्र जाड असावा. पातळ पत्रा काही हंगामांतच वाकतो व गंजतो.

लाकडाची निवड शेगडीच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. वखारीत लाकूड वजनावर मिळते. त्यात ४० टक्के ओलावा असल्यास ग्राहक दर १०० किलोमागे ४० किलो पाण्याचे पैसे मोजतो, शिवाय ते पाणी वाफ होऊन जाण्यात उष्णता खर्च होते ती वेगळीच. ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांना भेगा असतात आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटल्यास टणक आवाज येतो. ओल्यांचा आवाज बद्द असतो. कीकर म्हणजे बाभूळ आणि शिसम सावकाश जळतात व चांगले निखारे देतात, पॉपलर भराभर जळून जाते. प्लायवूडचे तुकडे किंवा रंगविलेले लाकूड कितीही स्वस्त मिळाले तरी जाळू नये. त्यातील गोंद व रंग यांपासून विषारी वायू निघतात.

धुराचा प्रश्न केवळ शेजारधर्माचा नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांमध्ये चंदीगडचा समावेश आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही आणि धूर तेथेच कोंडून राहतो. अशा धुकट, निर्वात रात्री शेगडी न पेटविणेच उचित. बागेतील पालापाचोळा तर तिच्यात कधीच टाकू नये. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये देशभर मनाई केली असून ५,००० ते २५,००० रुपयांच्या भरपाईची तरतूद केली आहे.

शेगडी विटांच्या कोरड्या चौथऱ्यावर, भिंत, झाडे व मांडवाच्या कापडापासून किमान ३ मीटर दूर ठेवावी. नदीतील ओले गोटे तिच्याभोवती रचू नयेत. आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

चाके लावलेली, सहज उचलता येणारी शेगडी सोयीची वाटते, परंतु खरा धोका तिच्यातच आहे. रात्री उरलेले निखारे वाया जाऊ नयेत म्हणून ती खोलीत नेण्याचा मोह होतो. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपल्याने दर हिवाळ्यात मृत्यू होतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो, आणि झोपेतल्या माणसाला डोकेदुखी किंवा मळमळ जाणवण्यापूर्वीच गुंगी येते. म्हणून दोघांनाही सहजी न हलणारी, जड शेगडी घेणे अधिक शहाणपणाचे. काचा लावून बंद केलेला व्हरांडाही या बाबतीत खोलीच समजावा.

राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतात. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत ठेवावी व पूर्ण थंड झाल्यावरच टाकावी.