सिंगापूर–न्यूयॉर्क हवाई मार्ग

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांना जोडणारा, जगातील सर्वांत लांब विनाथांबा प्रवासी मार्गांपैकी एक. पृथ्वीगोलावर मोजलेले किमान अंतर सुमारे १५,३५० किमी. ही रेषा उत्तर ध्रुवाजवळून जाते. विमाने मात्र ती क्वचितच धरतात. पाठीशी वारा मिळावा म्हणून न्यूयॉर्ककडे जाताना पॅसिफिकवरचा लांबचा वळसाही वैमानिकांना परवडतो. उड्डाणकाळ साधारण साडेअठरा ते एकोणीस तास.

शेजारच्या नेवार्कची सेवा सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० ने सुरू केली. इंधनखर्च न झेपल्याने २०१३ मध्ये ती थांबली. २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआरने ती पुन्हा सुरू झाली, तर केनेडीची सेवा २०२० मध्ये. या विमानात आसने अवघी १६१, आणि साधा इकॉनॉमी वर्ग मुळीच नाही.