चोळीची गाठ कुणाच्या हातात?



या लग्नसराईत आमच्या दापोलीतल्या गटाच्या शिवणकामाला एक नवीन मागणी आली, 'कॉर्सेट ब्लाऊज'ची. आत प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पाठीवर आवळायची दोरी. ब्लाऊज दिसला छान, पण नवरीला तो घालून पाटावर बसता येईना. शेवटी आम्ही पट्ट्या काढून दिल्या. मग म्हटलं, हा प्रकार आला कुठून ते तरी बघू.

कॉर्सेट युरोपातला. जाड कापडाच्या दोन थरांत उभ्या पट्ट्या घालून तो शिवत. या पट्ट्या देवमाशाच्या तोंडातल्या असत. त्यांना हाड म्हणत, पण त्या आपल्या नखासारख्या चिवट आणि लवचीक असत. पुढे पोलादाच्या पट्ट्या आल्या. दोरी पाठीवर, म्हणून ओढायला बऱ्याचदा दुसरीचा हात लागे. एकोणिसाव्या शतकात तिथल्याच डॉक्टरांनी आणि बायकांनी तक्रार केली की यात नीट श्वास घेता येत नाही.

आपल्याकडे होती खणाची चोळी. खण विणला जायचा बागलकोटकडच्या गुळेदगुड्डला, आणि आजही विणला जातो. त्याचे काठ बाहीला आणि खालच्या कडेला येतील असे कापायचे, काखेत छोटा तुकडा जोडायचा, म्हणजे हात वर करताना शिवण उसवत नाही. पुढे गाठ. पोटुशी असो, अंगावर पाजणारी असो, लावणीला वाकणारी असो, ती आपली गाठ आपणच सैल करायची. कॉर्सेटमध्ये अंग कापडाच्या मापाचं करायचं, चोळीत कापड अंगाच्या मापाचं.

आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे तेव्हा घरोघरी कॉर्सेट होता. पण १८८५ च्या कॉलेजातल्या फोटोत त्या साडीतच दिसतात.

म्हणजे आपल्याकडे सगळं छान होतं का? नाही, बायांनो. कॉर्सेट अंगावर लादला गेला, तर इथे चोळी अंगावरून काढून घेतली गेली. ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला चोळी घालायची बंदी होती. अंगाभोवती फक्त आलवण. आपल्याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याच कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं.

ही गोष्ट जुनी झाली म्हणावं, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो २०२२ साली. आमच्या गटातही अशा ताई आहेत ज्या दुसऱ्यांसाठी हिरवे, लाल खण शिवतात आणि स्वतःसाठी फिकं कापड बाजूला काढतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सगळ्यांनी सांगितलेलं असतं.

म्हणून आता माप घेताना आम्ही तीन गोष्टी करायला सांगतो: खोल श्वास घे, हात वर कर, खाली बसून बघ. आणि कापड निवडताना एकच विचारतो: ताई, तुला कुठला रंग आवडतो?

तुमच्या गटातही विचारून बघा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.