चोक गेला, सवय राहिली

आपल्याकडे गाडी चालवायला बहुतेकांना पुस्तकानं शिकवलं नाही, उस्तादानं शिकवलं. उस्तादाचा पहिला धडा ठरलेला असे: सकाळी गाडी चालू केली की लगेच गिअर टाकायचा नाही, आधी तिला गरम होऊ द्यायचं. आजही फजरच्या नमाजानंतर मोहल्ल्यात एखादी गाडी दहा-दहा मिनिटं जागेवर घुरघुरत असते. हा धडा आला कुठून, आणि तो अजून लागू आहे का?

पेट्रोलची वाफ होऊन ती हवेत मिसळली तरच इंजिन नीट चालतं. थंड इंजिनात ही वाफ पुरेशी होत नाही. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा त्रास गेला, पण थंडीचा प्रश्न तसाच राहिला. त्यावर उपाय होता चोक. चोक ओढला की कार्बुरेटरमध्ये शिरणारी हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिन सुरू होतं. चोक लवकर आत ढकलला तर गाडी बंद पडे, फार वेळ ओढून ठेवला तर प्लग काळे पडत. त्यामुळे थोडं थांबणं भागच होतं. कुर्ल्यात बनलेली आणि मुंबईकरांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिलेली पद्मिनी याच जातीची, अ‍ॅम्बेसेडरही तशीच. त्या गाड्यांसाठी उस्तादांचा सल्ला बरोबर होता.

पुढे यंत्र बदललं. 1967 मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. आता इंजिन किती थंड आहे हे सेन्सर सांगतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल सोडलं जातं. भारतात 2000 च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, तसे नव्या कारमधून कार्बुरेटर हटत गेले. दुचाकींत ते रेंगाळले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर तिथूनही बहुतेक गेले.

मग आजची गाडी गरम व्हायला किती वेळ लागतो? आपल्या हवेत चालती गाडी साधारण पाच-दहा मिनिटांत 80-90 अंशांच्या कामाच्या तापमानाला येते. ऑइलला त्याहून जास्त वेळ लागतो. उभ्या गाडीत पेट्रोल कमी जळतं, म्हणून उष्णताही कमी तयार होते आणि हाच वेळ लांबतो. थंड इंजिनाला मिळणारं जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. म्हणजे इंजिन जपायच्या नावाखाली आपण त्याची झीजच वाढवतो.

यापेक्षा मोठी गोष्ट धुराची आहे. 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पण हा कन्व्हर्टर सुमारे 250-300 अंशांना पोचल्यावरच नीट काम करतो. तोवर विषारी धूर जवळपास तसाच बाहेर पडतो. युरोपातल्या सरकारी चाचणीत पूर्वी इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले 40 सेकंद मोजतच नसत. 2000 मध्ये युरो-3 आलं आणि ही सूट संपली, कारण सगळ्यात घाण धूर सुरुवातीलाच निघतो. जर्मनीत तर उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला वाहतूक नियमांतच मनाई आहे.

आपल्या गल्ल्या अरुंद. सकाळी त्याच वेळी मुलं दप्तर घेऊन शाळेला निघतात, कुणी मकतबमधून परतत असतात. सायलेन्सरची उंची आणि लहान मुलाच्या नाकाची उंची यांत फार अंतर नसतं.

इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुरे. नंतर निघावं आणि पहिले काही किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी, एकदम रेस करू नये. यात उस्तादांचा अनादर नाही. त्यांनी आपल्या समोरची गाडी पाहून सल्ला दिला होता. आपणही आपली गाडी पाहूनच वागावं.