१.३ विमानवाहू जहाजं आणि एक 'कट'

नौदलाला कुणी सांगितलं, "१.३ विमानवाहू जहाजं पाठवा", तर? १९५७ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या गणितांतून अशी उत्तरं निघायची. तिथे सल्लागार असलेला प्रिन्स्टनचा तरुण गणितज्ञ राल्फ गोमरी या अपूर्णांकांच्या मागे लागला.

तुम्ही म्हणाल, १.३ चं १ करून टाका की! पण आकडे एकमेकांत अडकलेले असले, की तसं केल्यावर अटी मोडू शकतात. मोडल्या नाहीत, तरी तेच सर्वांत चांगलं उत्तर असेल याची खात्री नाही.

मग उपाय? नवी अट घालायची. समजा, क्ष आणि य पूर्णांक आहेत आणि २क्ष + २य ≤ ३. दोनने भागलं की क्ष + य ≤ १.५. पण पूर्णांकांची बेरीज दीड कशी होईल? म्हणून सरळ लिहा, क्ष + य ≤ १. अपूर्णांकांचा तुकडा कापला गेला, खरं उत्तर एकही गेलं नाही. हाच 'कट'.

१९५४ मध्ये डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी ४९ शहरांचा सर्वांत छोटा फेरा शोधताना अशा अटी हाताने शोधून घातल्या होत्या. गोमरीने १९५८ मध्ये कट आपोआप तयार करायची रीत दिली.

पण प्रत्यक्षात गाडी अडली. एकेक कट घालत गेलं की काम संपता संपेना आणि संगणकाच्या दशांशातल्या चुका साचत जायच्या. रीत पुस्तकांतच राहिली. १९९६ मध्ये बालास, सेरिया, कॉर्न्युएजोल्स आणि नटराज यांनी ती पुन्हा तपासली. एका फेरीत भरपूर कट घातले, जोडीला शाखा पाडून शोधायची पद्धत वापरली, आणि रीत चालली! आज मोठे सॉल्व्हर हे कट स्वतःच घालतात.

कोडमध्ये आपला कट घालताना मात्र एक फरक सांभाळा. 'युझर कट' फक्त अपूर्णांक कापतो; तो काढला तरी अंतिम उत्तर तेच राहतं. 'लेझी' अट मूळ प्रश्नाचाच भाग असते, फक्त गरज पडेल तेव्हा घातलेली. लेझी अट युझर कट म्हणून दिली, तर सॉल्व्हर ती न तपासताच चुकीचं उत्तर 'सर्वोत्तम' म्हणून हातात ठेवू शकतो. एररही येणार नाही.

म्हणून कट लिहिताना आधी एकच प्रश्न विचारा: यात एखादं खरं उत्तर तर कापलं जात नाही ना?