'प्रशिक्षित' या विशेषणाचा इतिहास

बारामतीजवळचे कन्हेरी हे गाव वर्तमानपत्रांना निवडणुकीच्या दिवसांत आठवते. तिथल्या मारुतीपुढे नारळ फोडून पवार कुटुंबीय प्रचाराचा आरंभ करतात, दुसऱ्या दिवशी छायाचित्रे छापून येतात आणि गाव पुन्हा आपल्या उसाकडे वळते. माझ्या मनातली कन्हेरी मात्र एका लोखंडी पेटीशी जोडलेली आहे. लस टोचायला येणाऱ्या बाई ती पेटी सायकलच्या मागे बांधून आणीत. त्यांना सारे गाव 'नर्सबाई' म्हणे. शिक्षकांना आडनाव होते, तलाठ्याला आडनाव होते, ग्रामसेवकालाही होते. नर्सबाईंचे नाव काय, हा प्रश्न आमच्या आजीलाही कधी पडला नाही, आणि तिच्या दोन नातवंडांची नाळ त्याच बाईंनी कापली होती.

परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेचा इतिहास वाचताना हे नाव नसणे पुन्हा पुन्हा आडवे येते. म्हणून या लेखाची सुरुवात तिथून केली.

आपल्याकडील परिचर्याशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत एक ओळ हमखास सापडते : १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय स्त्रीने परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले. पाठ्यपुस्तक लगेच पुढच्या सनावळीकडे वळते. काशीबाई कोणत्या घरातून आल्या, विधवा होत्या की सवाष्ण, शिक्षणानंतर कुठे राबल्या, यांविषयी त्या ओळीत एक अक्षर नाही. 'गणपत' हे वडिलांचे नाव की नवऱ्याचे, तेही कळत नाही. आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई यांच्यावर मराठीत चरित्रे आहेत, कादंबऱ्या आहेत, नाटके-चित्रपट आहेत. डॉक्टर झालेल्या स्त्रीने मराठी वाङ्मयात आपली जागा केली. तिच्या शेजारी रात्रभर जागणारी स्त्री एका ओळीत आटोपली. साहित्याच्या विद्यार्थ्याने या तफावतीकडे निव्वळ इतिहासाची हेळसांड म्हणून पाहू नये. तीत श्रमाची एक प्रतवारी आहे, आणि ती आपल्या भाषेने निमूटपणे मान्य केली आहे.

आमच्या भागाचा आधुनिक परिचर्येच्या आद्य प्रवर्तिकेशी एक आडवळणाचा संबंध आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. इंदापूरपर्यंत पसरलेल्या या दंग्यांची दखल लंडनमध्ये बसून घेणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरी दख्खनच्या रयतेचे कर्ज, दुष्काळ, कालव्याचे पाणी यांवर तिने चिकाटीने लिहिले. पुणे सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता, विल्यम वेडरबर्न तिचे स्नेही होते. विशेष हे, की खेड्यांचा विचार करताना तिच्यासमोर पाणी, गटारे, सावकारी आणि सारा हे विषय होते. परिचारिकेचा विचार मात्र ती रुग्णालयाच्या संदर्भात करी. १८६५ मध्ये तिने हिंदुस्थानातील परिचर्येविषयी सूचना लिहून दिल्या, त्याही रुग्णालयांसाठीच. १८८८ मध्ये कॅथरीन लॉक आणि तिच्या सहकारी परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या त्या लष्करी इस्पितळांसाठी, म्हणजे गोऱ्या शिपायांसाठी. हा व्यवसाय आपल्याकडे आला तो इस्पितळाच्या फाटकातून, आणि बराच काळ त्या फाटकाच्या आतच राहिला.

फाटकाबाहेर काय चालले होते, याचे एकच उदाहरण देतो. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ, पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली. संसर्ग होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांना प्रशिक्षित परिचारिका कोणी म्हणणार नाही. काही वर्षांतच उभ्या राहिलेल्या संघटनेच्या सभासदत्वाला त्या पात्र ठरल्या नसत्या. हे मी उपरोधाने लिहीत नाही. सीमारेषा आखल्याशिवाय कोणताही व्यवसाय उभा राहत नाही, आणि रेषा आखली की कोणीतरी तिच्या पलीकडे राहणारच.

ती रेषा अशी आखली गेली. १९०५ साली लखनौ येथे परिचर्या-अधीक्षिकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातल्या स्त्रिया युरोपीय होत्या आणि मोठ्या इस्पितळांत अधिकारपदांवर होत्या. १९०८ च्या मुंबईतील वार्षिक परिषदेत त्यांनी सर्व प्रशिक्षित परिचारिकांसाठी वेगळी संस्था काढण्याचे ठरवले. तीच ट्रेण्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया. फेब्रुवारी १९१० मध्ये 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' हे तिचे मुखपत्र सुरू झाले, १९१२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेशी ती संलग्न झाली आणि १९२२ मध्ये अधीक्षिकांची जुनी संघटना तिच्यात विलीन झाली. व्यवसायाची प्रतिष्ठा राखणे आणि सभासदांत बंधुभाव वाढवणे ही उद्दिष्टे होती. (बंधुभावच; 'भगिनीभाव' हा शब्द मराठीत रुळायला अजून अवकाश होता.)

त्याच १९०८ साली, त्याच मुंबईत, बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले. पुढच्या वर्षी रमाबाई रानडे यांनी पुण्यात त्याची शाखा उभारली. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन संस्था जन्मतात. एकीला परिचारिका हवी आहे ती आधीपासून शिकलेली, दुसरी परिचारिका घडवायला निघालेली. दोघींचा उल्लेख आपण एका परिच्छेदात सहसा करत नाही. पहिलीचा इतिहास इंग्रजीत आणि व्यवसायाच्या चौकटीत लिहिला गेला, दुसरीचा मराठीत आणि समाजसुधारणेच्या चौकटीत.

रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. आपण ते पुस्तक वर्गात शिकवतो ते पतिपत्नींच्या नात्याचा, स्त्रीशिक्षणाचा दस्तऐवज म्हणून. पण ते प्रसिद्ध झाले त्याच सुमारास त्याची लेखिका गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यातल्या मुलींना आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवण्याच्या खटपटीत होती. आठवणी न्यायमूर्तींच्या निधनापाशी, १९०१ पाशी, थांबतात; त्यामुळे ही खटपट पुस्तकाबाहेर राहिली. माझ्या मते मराठी आत्मचरित्रपर लेखनातली ही एक मोठी हुकलेली संधी आहे. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, बाळंतिणीचा विटाळ मानायचा नाही, या साऱ्याला तयार होणाऱ्या ब्राह्मण विधवेच्या घरी काय बोलणे झाले असेल? सुईणीचे काम ज्या जातींकडे सोपवून पांढरपेशा समाज निर्धास्त होता, तेच काम आपल्या लेकीने शिकावे, याची समजूत रमाबाईंनी कोणत्या शब्दांत घातली? प्रशिक्षण, गणवेश, वसतिगृह आणि प्रमाणपत्र ही त्या समजुतीची साधने होती. अधीक्षिकांना 'प्रशिक्षित' हा शब्द दर्जा राखण्यासाठी हवा होता. पुण्यात त्याच शब्दाने वेगळेच काम केले : जातीने हीन ठरवलेल्या श्रमाला पांढरे वस्त्र नेसवले.

या शब्दाला कायद्याचे बळ मिळावे, म्हणजे नोंदणी सक्तीची व्हावी, ही संघटनेची सर्वांत जुनी आणि चिवट मागणी. इंग्लंडात १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. आपल्याकडे मद्रास प्रांताने १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९३५ मध्ये तसे कायदे केले. अखिल भारतीय पातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला तो १९४७ च्या अखेरीस. महाराष्ट्राचा स्वतंत्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. मुंबईच्या परिषदेपासून मोजले तर देशव्यापी कायद्याला चार दशके लागली. या काळात अर्ज-विनंत्या, ठराव, समित्यांपुढील निवेदने एवढीच संघटनेची शस्त्रे होती, आणि ती तिने सोडली नाहीत. संपाची भाषा तिने केली नाही, याबद्दल तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिची सभासद वसतिगृहात राहणारी, मेट्रनच्या परवानगीशिवाय फाटकाबाहेर न जाणारी अविवाहित मुलगी होती, हे विसरू नये.

नोंदणीने दर्जा दिला, संख्या दिली नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात परिचारिकांची संख्या सुमारे सात हजार दिली आहे. त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. त्याच अहवालात डॉक्टरांचे प्रमाण सुमारे सहा हजार तीनशे लोकांमागे एक असे आहे. म्हणजे परिचारिका डॉक्टरहून कितीतरी दुर्मीळ होती. खेड्यात ती नव्हतीच.

म्हणून १९५१ पासून कमी मुदतीचे शिक्षण घेतलेली सहायक परिचारिका-प्रसाविका हा नवा वर्ग निर्माण झाला. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये तिला बहुउद्देशीय सेविका ठरवले. साधारण पाच हजार लोकसंख्येचे उपकेंद्र तिच्याकडे आले. आमच्या नर्सबाई त्या या. संघटनेने या स्त्रियांना दाराबाहेर ठेवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आरोग्य-अभ्यागतांसाठी १९२२ मध्ये, सुइणींच्या कामासाठी शिकलेल्यांसाठी १९२५ मध्ये आणि विद्यार्थिनींसाठी १९२९ मध्ये तिने शाखा उघडल्या होत्या, आणि सहायक परिचारिका यथावकाश त्यांपैकी दुसरीत आल्या. पण मुखपत्र इंग्रजी, परिषदा शहरांत, आणि मनातली परिचारिका इस्पितळाच्या वॉर्डमधली. घरात आपलीच म्हणून घेतले, पण बसायला ओसरी दिली, असा हा प्रकार.

वॉर्डमधल्या परिचारिकेची स्थिती तरी काय होती? २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच, एका सफाई कामगाराने हल्ला केला. परिचारिकांनी संप केला. सुरक्षितता हवी, कामाची परिस्थिती सुधारा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सेवेची भाषा सोडून कामाची भाषा बोलणे त्या संपात ठळकपणे ऐकू आले. आणि गंमत, खरे तर गंमत नव्हे, अशी की त्याच परिचारिकांनी पुढे एकेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, अरुणाबाईंना सांभाळले. २०११ मध्ये दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. सदतीस वर्षांत अंथरुणाचा एकही व्रण झालेला नाही, याची न्यायालयाने नोंद घेतली आणि रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या कर्मचाऱ्यांचा मानला. दयामरणाविषयी माझे मत काहीही असो. परिचर्येच्या ज्ञानाला, हातांनी मिळवलेल्या त्या ज्ञानाला, इतक्या उच्च पातळीवर साक्षीचे मोल क्वचितच मिळाले असेल.

त्याच २०११ साली संघटना स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली होती, खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा आणि कामाच्या परिस्थितीचा प्रश्न घेऊन. एकशे तीन वर्षांपूर्वी प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी जन्मलेली संस्था पगाराच्या आकड्यावर आली, हे मला तिचे अधःपतन वाटत नाही. न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने सुचवले ते असे : दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, शंभर ते दोनशेपर्यंत दहा टक्क्यांनी कमी चालेल, पन्नास ते शंभरपर्यंत पंचवीस टक्क्यांनी, आणि पन्नासच्या आत कोठेही वीस हजारांहून कमी नको. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमल राज्यांवर सोपवला गेला. केरळने २०१८ मध्ये, परिचारिकांच्या दीर्घ आंदोलनानंतर, किमान वेतन वाढवले. तालुक्याच्या गावातली बहुसंख्य खासगी रुग्णालये पन्नास खाटांच्या आतली असतात. बारामती-इंदापूरच्या मुलींच्या दृष्टीने समितीची शेवटची ओळच काय ती महत्त्वाची. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला, जुन्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. वेतनाचा प्रश्न त्याच्या कक्षेतला नाही.

महाराष्ट्र शासनाच्या परिभाषेत स्टाफ नर्सला 'अधिपरिचारिका', सिस्टरला 'परिसेविका' आणि मेट्रनला 'अधिसेविका' म्हणतात. शब्द संस्कृतनिष्ठ आणि नेमके आहेत, फलकांवर रंगवलेले असतात. वॉर्डात मात्र हाक ऐकू येते ती 'सिस्टर' अशीच, आणि पुरुष परिचारक आल्यापासून 'ब्रदर'. मराठीत परिचारिकांनी स्वतः लिहिलेले फार थोडे आपल्यासमोर आहे, अशी तक्रार परिसंवादांतून होत असते. मला ती अर्धीच खरी वाटते. आमच्या भागातल्या एका उपकेंद्रात जुन्या नोंदवह्या चाळायला मिळाल्या होत्या. आखीव रकाने : बाईचे नाव, नवऱ्याचे नाव, महिना, वजन, धनुर्वाताचे इंजेक्शन. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात कुठे 'सासू नाही म्हणाली', कुठे 'ऊसतोडीला गेले, घर बंद', कुठे 'पुन्हा समजावले'. एका पानावर, निळ्या शाईने, नुसतेच 'मी रात्री तिथेच थांबले'. खाली सही होती. ती मला वाचता आली नाही.