माइल्स विकत घेताय? आधी थोडा इतिहास

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी एका विमान कंपनीचे ४०,००० माइल्स रोख पैसे मोजून विकत घेतले. 'बोनस सेल' चालू होता. डिसेंबरात आईला भेटायला मुंबईला यायचं होतं. खात्यात बरेच माइल्स जमले होते, कमी पडतात तेवढे विकत घेतले की झालं, असा तिचा हिशेब. दोन महिन्यांनी तिकीट काढायला बसली तर त्याच प्रवासाला आता जवळजवळ दीडपट माइल्स लागत होते. विकलेले माइल्स कंपनी परत घेत नाही. मावशी मला फोनवर म्हणाली, "अरे, पैसे मोजून घेतलेत ना तिने? मग मागाहून भाव कसा बदलतात हे लोक?"

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर १९७८ सालापर्यंत मागे जावं लागतं.

तोवर अमेरिकेत विमानभाडी सरकारी मंडळ ठरवत असे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि भाडी मोकळी झाली. कंपन्या एकमेकांची गिऱ्हाइकं पळवू लागल्या. आपलं गिऱ्हाईक धरून ठेवायचं कसं? १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने 'अॅडव्हांटेज' योजना काढली. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, पुरेसे जमले की तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली. रिकामी जाणारी सीट कुणाला दिली तर कंपनीला खर्च जवळपास शून्य. थोडक्यात, माइल्स ही तेव्हा बक्षिसी होती. किराणा दुकानदार दिवाळीला नेहमीच्या गिऱ्हाइकाला कॅलेंडर देतो ना, तसंच.

१९८७ मध्ये चित्र पालटलं. सिटीबँकेने अमेरिकनबरोबर क्रेडिट कार्ड काढलं. आता विमानात पाऊल न ठेवता, नुसती खरेदी करून माइल्स मिळू लागले. पण हे माइल्स बँक कुठून आणणार? कंपनीकडून विकत घेऊन! इथे बक्षिसीचा माल झाला. पुढे हाच माल कंपन्या थेट प्रवाशांनाही विकू लागल्या. बँक म्हणजे घाऊक गिऱ्हाईक, तुम्ही-आम्ही किरकोळ. सरकारच्याही ते लक्षात आलं. १९९७ च्या करकायद्याने माइल्सच्या विक्रीवर ७.५ टक्के कर बसला.

किरकोळ भाव किती महाग पडतो बघा. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरला पुडिंगच्या डब्यांवर माइल्सची ऑफर दिसली. त्याने १२ हजारांवर डबे उचलले, सुमारे ३ हजार डॉलर खर्चून १२ लाखांवर माइल्स मिळवले आणि पुडिंग दानही करून टाकलं. म्हणजे एक माइल पाव सेंटला पडला. आज मोठ्या अमेरिकन कंपनीकडून सेल नसताना थेट घ्याल तर साधारण साडेतीन सेंट पडतात.

आता मावशीचा प्रश्न. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियम बदलले. माइल्सवर मिळणाऱ्या सीटा आणि तारखांवर बंधनं घातली, तीही आधी जमवलेल्या माइल्ससकट. सभासद कोर्टात गेले. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याचा ग्राहक संरक्षण कायदा इथे लावता येणार नाही, करारभंगाचा दावा तेवढा करा. आणि करारात काय लिहिलेलं असतं? 'आम्ही नियम केव्हाही बदलू शकतो.' पुढे २००८ मध्ये नॉर्थवेस्टने एका ज्यू धर्मगुरूचं सभासदत्वच काढून घेतलं, कारण म्हणे ते तक्रारी फार करतात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्याविरुद्ध एकमताने निकाल दिला.

दोन्ही निकालांचा आधार कोणता? तोच १९७८ चा कायदा. विमानांचे दर आणि सेवा यांत राज्यांच्या कायद्यांनी लुडबुड करायची नाही, असं त्यात लिहिलंय. प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळावं म्हणून केलेला कायदा कंपनीच्या माइल्सचं कवच झाला!

त्यानंतर कंपन्यांची भीड चेपली. कुठल्या प्रवासाला किती माइल्स, याचे ठरीव तक्ते असत. डेल्टाने ते २०१५ मध्ये काढून टाकले, मग इतरांनीही. आता माइल्सचा भाव रोज बदलतो.

या धंद्याची खरी किंमत कोविडमध्ये उघडी पडली. २०२० मध्ये विमानं जमिनीवर, कमाई ठप्प. तेव्हा युनायटेडने माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. योजनेचं मूल्यांकन होतं सुमारे २२ अब्ज, म्हणजे शेअर बाजारातल्या अख्ख्या कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त! डेल्टा आणि अमेरिकननेही तेच केलं.

आपल्याकडे वेगळी गंमत. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. विमानच उडत नाही म्हटल्यावर माइल्स वापरायचे कुठे? १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली, पण तिची माइल्स योजना वेगळ्या कंपनीत होती आणि त्यात निम्म्याहून किंचित जास्त वाटा एतिहादचा. विमानं गेली, योजना मात्र 'इंटरमाइल्स' नाव घेऊन चालू राहिली.

म्हणजे माइल्स हे असं चलन आहे, जे छापणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि ते स्वीकारणारा दुकानदार एकच. तुम्ही आज विकत घेऊन ठेवता तेव्हा खरं तर त्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देता. किती परत करायचं, हे ती नंतर ठरवणार.

घेऊच नका, असं मी म्हणत नाही. हवी ती सीट समोर दिसतेय, थोडेच माइल्स कमी पडतायत आणि कर-अधिभार धरूनही रोख तिकिटापेक्षा स्वस्त पडतंय, तर जरूर घ्या आणि त्याच दिवशी तिकीट काढा. सेल आहे म्हणून साठवायला मात्र घेऊ नका.

बहीण शेवटी रोखीने तिकीट काढून आली, जानेवारीत. ते ४०,००० अजून तिच्या खात्यातच पडून आहेत. परवा तिला ईमेल आलाय, पुन्हा बोनस सेल लागलाय म्हणून.